टोपलीतले कान

आफ्राच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी ओसरीवर थांबावं लागे. बूट काढून फळीवर ठेवायचे आणि फोन बंद करून वेताच्या टोपलीत टाकायचा. टोपलीला झाकण होतं आणि आतून तांब्याच्या जाळीचं अस्तर. वास्तूला आशीर्वाद द्यायला पाद्रीसाहेब आले होते तेव्हा त्यांनाही यातून सूट मिळाली नव्हती. शेजारची रेझी मात्र दर वेळी कुरकुरायची.

"बूट झाले, फोन झाला. आता कवळीही काढून ठेवू का गं?"

"कवळीला तार असेल तर ठेव," आफ्रा म्हणायची, आणि दोघी खो खो हसायच्या.

हे हसणं नवीन होतं. रोझेनहाइम शहरातल्या फ्लॅटमध्ये राहत होती तेव्हा आफ्रा हसत नसे आणि झोपतही नसे. डोकं ठणकायचं, हातापायांना मुंग्या यायच्या, कानात शिट्टी वाजायची. शेजाऱ्यांचे वायफाय, समोरच्या छतावरचा टॉवर, भिंतीतल्या तारा, नव्या फरशीखालचा उग्र वासाचा गोंद, या सगळ्यांवर तिचा संशय होता. रात्री घोंगडी घेऊन ती न्हाणीघरात झोपायची, कारण तिथे म्हणे त्रास जरा कमी व्हायचा. शाळेतली संगीत शिक्षिकेची नोकरी तिने सोडली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही सापडलं नाही, आणि मग डॉक्टरांना सुचतं तेच त्यांनी सांगितलं: मनाचं आहे.

तिचा नवरा क्विरिन जमीन मोजणी खात्यात नोकरीला होता. त्यालाही मनातून तसंच वाटत होतं, पण तो बोलला नाही. न बोलणं हा क्विरिनचा मोठा गुण आहे असं सासरी-माहेरी सगळीकडे मानलं जायचं. वाद नको म्हणून माणूस गप्प बसतो, आणि लोक त्याला समजूतदार म्हणतात. क्विरिन त्यातला होता.

तरी घर त्याने बांधलं, हे मान्य करायला हवं. आफ्राच्या माहेरच्या गावी, वेंडेलश्टाइनच्या डोंगराकडे तोंड करून. नकाशा काढला रीडरबाईंनी. निरोगी घरं कशी बांधावीत हे शिकून तेच काम करणाऱ्या या बाई, घरात एक खिळा कुठे जातो यावरही त्यांची नजर. भिंती अखंड लाकडाच्या, गोंदाचा थेंब नाही, फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. त्यांत मेंढीची लोकर भरलेली. आतून मातीचा गिलावा आणि त्यावर चुना नि चक्का घोटून केलेला रंग, त्यामुळे पहिले काही दिवस घराला दुभत्याच्या फडताळासारखा वास येत होता. गिलाव्याच्या आत बारीक धातूची जाळी, बाहेरच्या लहरी अडवायला, आणि ती जाळी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या सळईला बांधलेली. संगणकाला इंटरनेट होतं, पण जाड वेष्टणाच्या तारेतून, आणि तेही बैठकीच्या खोलीतल्या एकाच कोपऱ्यात. रात्री झोपायच्या खोलीतला वीजपुरवठा आपोआप बंद व्हायचा.

आणि लाकडाचं सगळं काम आफ्राच्या वडिलांचं, कास्पारचं. म्हातारा सुतार. निवृत्त होऊन कधीचा घरी बसला होता, पण लेकीचं घर म्हटल्यावर सुतारांची ती काळी मखमली विजार चढवून पुन्हा उभा राहिला. थंडीत, चंद्र उतरतीला असताना तोडलेली झाडं त्याने स्वतः निवडली. आयुष्यभर करवतीच्या यंत्राशेजारी उभं राहून त्याच्या कानांची वाट लागली होती, त्यामुळे साइटवर सगळे त्याच्याशी ओरडून बोलत. घर उभं राहीपर्यंत सगळ्या गावाला घराच्या मापांची बित्तंबातमी होती.

नोव्हेंबरात ते राहायला आले, आणि आफ्रा झोपली. पहिल्याच रात्री, सकाळपर्यंत.

आता तळघरातल्या डब्याबद्दल सांगितलं पाहिजे.

क्विरिनला पत्त्यांचं वेड होतं. शाफकोप्फ, चौघांचा डाव. पूर्वी तो गुत्त्यात जाऊन खेळायचा, मग फोनवर खेळायला लागला, अनोळखी लोकांशी, कधीही. नव्या घरात फोनला रेंज येण्याचा प्रश्नच नव्हता. बैठकीच्या खोलीत आफ्राच्या डोळ्यांदेखत संगणकावर पत्ते पिसत बसायची त्याला लाज वाटे. म्हणून सामान लावता लावता, पहिल्याच दिवशी, त्याने तळघरात बटाट्यांच्या खोक्यांमागे इंटरनेटच्या तारेला एक छोटा वायफायचा डबा जोडला. दोन दिवसांसाठी, असं त्याने स्वतःला सांगितलं. सरपण आणायला जातो, बटाटे निवडतो, रसाच्या बाटल्या आणतो, असं म्हणून तो टोपलीतला फोन खिशात दडवून खाली जायचा आणि उलट्या बादलीवर बसून डाव टाकायचा.

आफ्राला त्रास झाला असता तर त्याने तो डबा त्याच दिवशी काढला असता. हे खरं आहे. पण आफ्रा तर फुलत चालली होती. गालांवर रंग आला, वजन वाढलं, धूळ खात पडलेलं हाकब्रेट तिने बाहेर काढलं. हाकब्रेट म्हणजे दोन हलक्या काड्यांनी वाजवायचं तारांचं वाद्य, आपल्या संतूरच्या नात्यातलं. सकाळी न्याहारीला क्विरिन विचारायचा, "झोप लागली का?" आणि ती डोळे मिटून सांगायची, "काय सांगू तुला! हाडांना शांतता जाणवते रे इथे. तुला नाही जाणवत?"

"जाणवते की," क्विरिन म्हणायचा आणि कॉफीचा मग तोंडापुढे धरायचा.

मगाआड तो हसायचा. हीच खरी वाईट गोष्ट होती. डबा लावणं ही चोरी होती, पण हसणं त्याहून हलकट होतं. हिला कळत नाही आणि मला कळतं, या भावनेत एक गोडी होती आणि क्विरिन ती रोज सकाळी पावाबरोबर चाखत होता.

वसंतात कास्पारला कानात घालायची यंत्रं हवीशी वाटू लागली. कारण होतं ते हाकब्रेट. दर रविवारी दुपारी तो लेकीकडे कॉफी-केकला यायचा, मग आफ्रा वाजवायची, आणि त्याला खालचे जाड सूर तेवढे ऐकू यायचे, वरचे सगळे नाजूक सूर गायब. त्याने क्विरिनला बाजूला घेतलं.

"मला शहरात घेऊन चल. आफ्राला कळता कामा नये. म्हणेल, बाप म्हातारा झाला."

"बाबा, तुम्ही ऐंशीला टेकलात."

"ते तिला माहीत आहे. पण कानात यंत्र दिसलं की खात्री पटते."

दुकानातल्या मुलीने समजावून सांगितलं की ही यंत्रं एकमेकांशी बिनतारी बोलतात, फोनशीही बोलतात. परतताना गाडीत म्हातारा अस्वस्थ होता. "बिनतारी म्हणाली ती. आफ्राला बाधणार नाही ना? तसं असेल तर मी परत करतो. मला काय, मी बघून ऐकेन."

"काही होत नाही बाबा," क्विरिन म्हणाला. "खुशाल घाला. माझ्यावर सोडा."

पुढच्या रविवारी कास्पार पांढरे केस कानांवर नीट विंचरून आला. आफ्राने काड्या हातात घेतल्या, वाजवायला लागली, आणि म्हाताऱ्याचा चेहरा असा काही झाला की क्विरिन उठून खिडकीबाहेर बघायला लागला. वाजवून झाल्यावर कास्पार म्हणाला, "हा शेवटचा भाग तू कधीपासून वाजवतेस?"

"लहानपणापासून, बाबा."

"हो का," कास्पार म्हणाला, आणि रुमालाने नाक शिंकरत बसला.

मे महिन्यात रीडरबाईंनी घर लोकांना दाखवायचा दिवस ठरवला. असं घर बांधू पाहणारी जोडपी दूरदूरहून येणार होती, गावातलेही येणार होते. आफ्राने फळांचा केक केला, बटाट्याची कोशिंबीर केली आणि दोन मिनिटांचं भाषण आरशासमोर पाठ केलं. "मी आजारी नव्हते, माझं घर आजारी होतं," असं त्याचं पहिलं वाक्य होतं. ज्या डॉक्टरांनी मनाचं आहे म्हणून सांगितलं होतं, त्यांची बायको येणार आहे हे कळल्यावर तिने निळा सणाचा पोशाख इस्त्री केला.

क्विरिनने सकाळी डबा बंद करायचं ठरवलं होतं. पण सकाळी एक डाव अर्धा राहिला होता, मग पाहुणे लवकर आले, आणि राहून गेलं. माणूस अब्रू घालवतो ती काही मोठ्या मोहापायी नव्हे. राहून जातं.

रीडरबाईंनी आधी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि हातातलं यंत्र चालू केलं. हवेतल्या लहरी मोजणारं आणि त्यांचा आवाज करून ऐकवणारं. अंगणात ते चरचरलं. "हा डोंगरावरचा टॉवर," बाई म्हणाल्या. "आता आत चला, आणि ऐका. म्हणजे काहीच ऐकू येणार नाही." लोक हसले. बूट निघाले, फोन टोपलीत पडले, रेझीने कवळीचा विनोद सगळ्यांसाठी पुन्हा एकदा केला.

बैठकीच्या खोलीत बाईंनी यंत्र वर धरलं.

तडतडतडतड, असा आवाज आला. एकसारखा, वाळलेल्या शेंगा डब्यात घालून हलवाव्यात तसा.

आफ्रा भिंतीला टेकून उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. "कुणीतरी फोन आत आणलाय," ती म्हणाली. लोक खिसे चाचपू लागले. डॉक्टरांच्या बायकोने हसू दाबायचा प्रयत्न केला तो सगळ्यांना दिसला.

"मी जरा रस आणतो," क्विरिन म्हणाला, आणि तळघराच्या जिन्याकडे वळला.

जिना उतरून तो बटाट्यांच्या खोक्यांकडे गेला. वरची जमीन लाकडाची, एकेक शब्द खाली येत होता.

"फोन नाही कुणाकडे," रीडरबाईंचा आवाज. "आणि बाहेरून तर येत नाहीये. भिंती चांगल्या आहेत. आत काहीतरी असलं की या घरात ते फारच जाणवतं, कारण जाळीमुळे ते बाहेर पडू शकत नाही, भिंतींवर आपटून परत येतं."

मग थोडा वेळ नुसती तडतड. आणि मग कास्पारचा आवाज, शाळेतल्या पोराने चूक कबूल करावी तसा. "माझं असेल ते. माझ्या कानात यंत्रं आहेत."

"कानात?" आफ्रा म्हणाली. "बाबा, कधीपासून?"

"ईस्टरच्या आधीपासून."

"आणि ती घालून तू माझ्या शेजारी बसतोस? माझ्या घरात? मी पाद्रीसाहेबांचा फोन ठेवून घेतला, आणि माझा स्वतःचा बाप चोरून...! तरीच परवा माझं डोकं दुखत होतं. तुला माझी दया नाही आली?"

"चुकलं, पोरी. मला वाटलं, एवढीशी तर असतात."

"तुला वाटलं! विचारायचं तरी होतंस कुणाला!"

क्विरिन खोक्यांमागे हात घालून गुडघ्यांवर बसला होता. आता म्हातारा सांगणार, जावयाला विचारलं होतं म्हणून. तो वाट बघत राहिला. म्हाताऱ्याने त्याचं नाव घेतलं नाही. नुसते त्याचे ओसरीकडे जाणारे जड पाय वाजले आणि टोपलीचं झाकण करकरलं.

त्याच वेळी क्विरिनने डब्याची वायर उपटली.

वर तडतड थांबली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. क्विरिनचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचीच त्याला किळस आली. खरं सांगायचं होतं तर मध्ये एक जिनाच होता. त्याने दोन्ही हातांत सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या घेतल्या आणि हसऱ्या चेहऱ्याने वर गेला.

आफ्राने भाषण केलं. चांगलं झालं. कास्पार पहिल्या रांगेत बसला होता, उघड्या कानांनी, आणि ती काय म्हणते ते काही कळत नसल्यामुळे सर्वांत जास्त मान तोच डोलावत होता.

निरोप घेताना रीडरबाई ओसरीवर बूट चढवत क्विरिनला हळूच म्हणाल्या, "कानातली यंत्रं अशी तडतडत नाहीत. मी आयुष्यभर हेच ऐकत आलेय."

"मग काय असेल हो?" क्विरिनने विचारलं.

बाईंनी नाडी बांधली. "घर तुमचं आहे," म्हणाल्या आणि गेल्या. क्विरिनचे कान लाल झाले ते रात्री अंथरुणात पडेपर्यंत तसेच होते.

आणि सांगायलाही लाज वाटते, पण तो आठवडा सरायच्या आत त्याने डबा पुन्हा जोडला. आधी आवाज बारीक करून खेळला, मग नेहमीसारखा. आफ्रा पुन्हा सकाळी डोळे मिटून सांगू लागली की बाबांची ती यंत्रं गेल्यापासून घर पूर्वीसारखं झालंय. आता मगाआड त्याला हसू येत नसे. कॉफी कडू लागे, तरी तो प्यायचा आणि तरी खाली जायचा.

कास्पार रविवारी येतच राहिला. ओसरीवर उभा राहून तो एकेक यंत्र कानातून काढायचा, मोठ्या बोटांत नीट धरून टोपलीत ठेवायचा, झाकण लावायचा आणि मग आत यायचा. टेबलावर बसून दोघांच्या ओठांकडे बघायचा. रेझी काही गमतीचं बोलली की सगळे हसून झाल्यावर तो हसायचा. आफ्रा वाजवायची तेव्हा तो तिचे हात बघायचा. एकदा तिने तार जुळवायला काड्या खाली ठेवल्या, तर संपलं असं समजून त्याने टाळ्या वाजवल्या. आफ्राने वाजवणं आटोपतं घेतलं.

आणि दर रविवारी, केक कापण्याआधी, तो लेकीची माफी मागायचा. "त्या दिवशी मी तुझा समारंभ नासवला." आफ्रा मान हलवून म्हणायची, "जाऊ दे, बाबा," पण ते तिच्या चेहऱ्यावरून अजून पुरतं जात नव्हतं, आणि ते बघायला कान लागत नाहीत.

जुलैतल्या एका रविवारी आफ्रा स्वयंपाकघरात साय फेटत होती. हातानेच, कारण विजेचं फेटायचं यंत्र या घरात नव्हतं. मधलं दार उघडं होतं, खिडक्या उघड्या होत्या, कुंपणापलीकडे रेझी आणि तिचा मुलगा वाळलेलं गवत उलटत होते. टेबलाशी सासरा आणि जावई, दोघेच.

"मी आता दर रविवारी नाही येणार," कास्पार एकदम म्हणाला. बहिऱ्या माणसाला वाटतं आपण हळू बोलतोय, तसं मोठ्याने. मग स्वयंपाकघराकडे बघून त्याने आवाज आणखी उतरवला. "सणासुदीला येईन. इथे बसून काय करू? तिला एकेक गोष्ट दोनदा सांगावी लागते. आणि मला बघितलं की तिला तो दिवस आठवतो. पोरगी आत्ता कुठे बरी झालीय. मी नको तिच्या मध्ये."

फेटण्याचा आवाज चालू होता. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, या धीरावर तो पुटपुटला, "बाबा, तो आवाज तुमचा नव्हता. माझा डबा होता."

"काय?"

"माझा डबा होता."

कास्पारने त्याच्या ओठांकडे बघितलं, काही लागलं नाही, आणि पुन्हा विचारायला संकोच वाटून त्याने मान डोलावली. "हो, हो. छान आहे," तो म्हणाला आणि हसला.

झालं की. सांगून झालं होतं. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं, कुणालाच कळलं नसतं, आणि क्विरिनला आयुष्यभर म्हणता आलं असतं की मी सांगितलं होतं. तो खरंच अर्धा क्षण थांबला. मग कास्पार त्याच्या हातावर थोपटून म्हणाला, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझं नाव नाही सांगितलं तिला. नाही सांगणार."

क्विरिन उठून उभा राहिला आणि ओरडला, "बाबा! तो आवाज तुमच्या यंत्रांचा नव्हता!"

स्वयंपाकघरातलं फेटणं थांबलं.

"नव्हता?"

"नव्हता! माझ्या डब्याचा होता!"

"कुठला डबा?"

"वायफायचा! तळघरात आहे! बटाट्यांमागे!"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून! आत्ताही चालू आहे!"

कुंपणापलीकडे गवत उलटायचं थांबलं. कास्पार कपाळाला आठ्या घालून हे सगळं जुळवत होता. त्याला खरोखरच समजत नव्हतं. "पण कशाला?" त्याने विचारलं.

सांगण्यासारखं काहीतरी कारण असावं, असं क्विरिनला त्या क्षणी फार वाटलं. आजारी आईला फोन, कचेरीचं तातडीचं काम, काहीही. पण कारण एकच होतं आणि तेही ओरडूनच सांगावं लागणार होतं.

"पत्ते खेळायला!"

"काय खेळायला?"

"पत्ते! पत्ते, बाबा! पत्ते!"

डोंगरापर्यंत गेलं असेल. क्विरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. कास्पार त्याच्याकडे बघत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मग इतके रविवार मी माफी कशाची मागत होतो रे?" त्याने विचारलं.

क्विरिन दाराकडे वळला.

आफ्रा दारात उभी होती. हातात भांडं, फेटणीवरून साय जमिनीवर गळत होती, ज्या जमिनीला ती स्वतः गुडघ्यांवर बसून जवसाचं तेल लावायची. तिने भांडं टेबलावर ठेवलं. क्विरिनकडे न बघता त्याच्या शेजारून ओसरीवर गेली, टोपलीचं झाकण उघडलं आणि ती दोन यंत्रं घेऊन परत आली. बापाच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि ती त्याच्या कानांत घालू लागली. तिने कधी घातली नव्हती. आधी डावं उजव्यात घातलं. बोटांना साय लागली होती, ती त्याच्या केसांना लागली. यंत्र शिट्टी वाजवून गप्प झालं.

"ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"येतंय."

"त्या दिवशी सगळ्या लोकांसमोर मी तुला..." ती थांबली. "बाबा, तुला दया नाही आली का, असं म्हणाले मी. तुला."

"जाऊ दे गं," कास्पार म्हणाला.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि मी झोपायचे. ते खाली चालू असताना. सकाळपर्यंत झोपायचे." तिने डोळे मिटले, पण न्याहारीच्या वेळी मिटायची तसे नाही. "मला लोकांना तोंड दाखवायला जागा नाही राहिली. रीडरबाईंना मी काय सांगू? त्या डॉक्टरला काय सांगू?"

कास्पारने इकडे तिकडे बघितलं. लेकीचं हे बोलणं आपण ऐकायला नको असं त्याला वाटलं असावं, कारण त्याने गुपचूप हात कानाकडे नेला, यंत्र काढायला. आफ्राने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. तू ऐक. तुलाही ऐकायचा हक्क आहे." मग तिने पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. "बस खाली, क्विरिन."

तो बसला.

"आता हळू बोललास तरी चालेल. एकच विचारते. सकाळी तू विचारायचास, झोप लागली का. मी सांगायचे, हाडांना शांतता जाणवते. रोज सांगायचे, वेड्यासारखी." तिचा आवाज अगदी साधा होता. "तेव्हा तू हसायचास का?"

क्विरिनने सासऱ्याकडे बघितलं. म्हातारा त्याच्या ओठांकडे बघत नव्हता. त्याची आता गरज नव्हती. तो लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खाली टेबलाकडे बघत होता आणि वाट बघत होता, की जावई नाही म्हणेल.

"हो," क्विरिन म्हणाला. अगदी हळू म्हणाला, जेमतेम ओठ हलले. पण कास्पारला ते ऐकू गेलं.